'भिडस्त' या शब्दाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात मी मराठी शिकवते आणि उरलेल्या वेळात कानडी-मराठी कागदपत्रांची भाषांतरं करते. या एका शब्दावर मला जितके प्रश्न येतात, तितके दुसऱ्या कुठल्या शब्दावर येत नाहीत. काही विद्यार्थ्यांचे, काही पालकांचे, दोन-तीन तर लग्नाच्या मुलींच्या आयांचे. जसे आले तसे मांडले आहेत.

भिडस्त म्हणजे काय?

ज्याला समोरच्याचं मन मोडवत नाही आणि म्हणून स्वतःचं हवं-नको तोंडावर येत नाही, असा माणूस. दिलेले पैसे परत मागायची वेळ आली की याचीच मान खाली जाते. रांगेत कुणी मध्ये घुसलं तर हा भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागतो. शेजारीण मिक्सर घेऊन गेली तर आठ दिवस पाट्यावर चटणी वाटेल, पण मागायला जाणार नाही. मिक्सरचं उदाहरण घरचं आहे.

भीड म्हणजे भीतीच ना?

नाही. कुत्रा भुंकला की भीती वाटते, भीड वाटत नाही. भीड माणसाचीच वाटते, आणि तीही ज्याच्याशी काही नातं, ओळख, उपकार किंवा मानाचा संबंध आहे अशा माणसाची. रात्री गल्लीत चाकू दाखवणाऱ्याची भीती वाटते. तोच चाकूवाला आपल्या मास्तरांचा मुलगा निघाला, तर पोलिसांत जाताना जी वाटेल ती भीड.

वाक्यात वापरून बघा. 'मला लाज वाटते' एवढ्यावर वाक्य पुरं होतं. 'मला भीड वाटते' म्हटलं की ऐकणारा लगेच विचारतो, कुणाची? भीड म्हटलं की कुणीतरी समोर लागतंच. एकट्या माणसाला, बंद खोलीत, भीड वाटू शकत नाही. भिडस्तपणा हा नुसता स्वभावाचा दोष धरून चालणारे लोक इथेच चुकतात, असं माझं मत आहे. दोन माणसांमध्ये काय आहे ते बघितल्याशिवाय तो कळत नाही.

मग निर्भीड आणि निर्भय यांत काय फरक?

निर्भय माणसाला भय नाही. निर्भीड माणूस कुणाची भीड ठेवत नाही. निर्भीड माणूस आतून घाबरलेला असू शकतो, तरी बोलतो. म्हणून पत्रकाराला, टीकाकाराला, साक्षीदाराला निर्भीड म्हणतात. जंगलात एकट्या जाणाऱ्याला निर्भय म्हणावं. तिथे भीड कुणाची ठेवणार, अस्वलाची?

हिंदीच्या पेपरात मुलीने 'भीड' म्हणजे संकोच असं लिहिलं, तर गुण कापले. का?

हिंदीत भीड म्हणजे गर्दी. शब्द दिसायला जवळपास एक, अर्थ वेगळा. उलटी चूकही होते: 'बाजारात आज खूप भीड होती' असं आमच्याकडची मुलं मराठीत सर्रास लिहितात. मराठीत गर्दी म्हणावं. गुण कापले ते बरोबरच कापले, वाईट वाटून घेऊ नका.

भिडस्त, लाजाळू, बुजरा, मुखदुर्बळ, पडखाऊ, नेभळट: सगळे एकच का?

शब्दकोशात शेजारी बसतात, पण एकाच्या जागी दुसरा बसवला की माणूस बदलतो.

लाजाळू माणसाला आपल्याकडे कुणी बघू नये असं वाटतं. फोटो काढताना मागच्या रांगेत जातो. बुजरा नवख्या माणसांना बिचकतो; लहान मुलं बुजरी असतात, नवीन जागी आणलेलं वासरू बुजतं. ओळख झाली की बुजरेपण जातं. भिडस्तपणाचं नेमकं उलटं आहे. ओळख जितकी जुनी तितकी भीड जास्त. अनोळखी भाजीवालीशी पाच रुपयांसाठी घासाघीस करणारा माणूस चुलत्याने जमिनीचा बांध हातभर सरकवला तरी गप्प राहतो. हा माणूस लाजाळू नाही, बुजराही नाही.

मुखदुर्बळ म्हणजे ज्याच्या मनात असतं, पण तोंडाने निघत नाही. हा शब्द मला आवडतो, कारण त्यात दोष फक्त तोंडाला लावला आहे. मुखदुर्बळ माणूस पत्रात खणखणीत लिहू शकतो. भिडस्त माणूस पत्रातही 'आपल्या सवडीने' असंच लिहील.

पडखाऊ हा शब्द 'पड खाणे' यावरून आला. वाद सुरू झाला की हा आधी माघार घेतो, आणि समोरच्याला ते ठाऊक असतं. याला 'पडतं घेणं' याच्याशी गोंधळू नका. पडतं घेणारा समजून-उमजून, भांडण मिटावं म्हणून एक पाऊल मागे येतो. त्यात मोठेपण आहे. पड खाणाऱ्याला दुसरं काही जमतच नाही. सासू-सुनेच्या भांडणात 'तू पडतं घे' असं सांगतात. 'तू पड खा' असं कुणी सांगत नाही.

नेभळट, शेळपट, मेंगळट या शिव्या आहेत. ज्याच्याबद्दल कणव उरलेली नाही त्याच्यासाठी वापरतात. भिडस्त माणसाला नेभळट म्हणणं म्हणजे त्याच्या सौजन्यालाच लाथ मारणं. शामळू त्या मानाने हलका, थोडा चेष्टेचा.

आणि आमच्या बाजूला या सगळ्यांसाठी एकच शब्द पुरतो: गरीब. 'पोरगं लै गरीब आहे' असं खानापुराकडची म्हातारी म्हणाली तर त्याच्या बँकेतल्या पैशांविषयी ती बोलत नसते.

सरकार किंवा संस्था भिडस्त असू शकते का?

नाही. तिथे 'बोटचेपं धोरण' म्हणतात. उत्तरही भिडस्त नसतं, गुळमुळीत असतं. भिडस्त हे विशेषण माणसालाच लागतं, फार तर स्वभावाला.

भिडस्त ही स्तुती की टीका?

हा सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. एका बाईंनी तो अगदी रोख विचारला होता: "मध्यस्थ म्हणतात मुलगा भिडस्त आहे. स्थळ बघू की नको?"

दोन्ही आहे. 'तो फार भिडस्त हो' असं आपण म्हणतो तेव्हा आवाजात थोडं कौतुक असतं, थोडा वैताग. चांगला माणूस आहे, पण त्याच्या चांगुलपणाचं भाडं दुसरं कुणीतरी भरतं. कोण भरतं ते बघितलं की स्तुती करायची की टीका, हे ठरवता येतं.

माझे वडील वडगावात यंत्रमागावर साड्या विणायचे. शहापूर, वडगाव, खासबाग हा सगळा विणकरांचा पट्टा. सूत शेठ देणार, साडी विणून दिली की मजुरी मिळणार, असा व्यवहार. आठवड्याचा माल सायकलला बांधून ते पोचवायला निघायचे, आणि शाळेला सुट्टी असली की मी पुढच्या दांड्यावर बसायची. शेठ साडी उजेडात धरायचे, काठाजवळ बोट फिरवायचे, आणि एखादी गाठ किंवा तुटका धागा सापडला की वहीत कपात लिहायचे. सूतच गाठाळ आलेलं असायचं. वडिलांना ते माहीत होतं, शेठनाही माहीत असावं. वडील म्हणायचे, "असू दे की."

खरी गंमत परतीच्या वाटेवर. पहिल्या वळणापर्यंत गप्प. मग सायकल चालवता चालवता, समोर बघत, ते शेठशी बोलायला सुरुवात करायचे. "सूत तुमचं. गाठ सुतातली. मग कपात माझ्या मजुरीत का?" एवढं स्वच्छ बोलायचे की मला वाटायचं, आता वळतील आणि जाऊन सांगतील. घर आलं की गप्प.

कितीतरी वर्षांनी मी कारण विचारलं. माझी आजी दवाखान्यात होती तेव्हा त्याच शेठनी रात्री दार उघडून उचल दिली होती. उचल केव्हाच फिटली होती. भीड फिटली नाही.

आता सांगा, ही स्तुती की टीका? वडिलांच्या बाजूने बघितलं तर उपकाराची जाण. आईच्या बाजूने बघितलं तर दर आठवड्याला तेलाच्या डब्यात कमी पडणारं तेल. आई त्यांना भिडस्त म्हणायची तेव्हा तो शब्द कौतुकाचा नव्हता. शेठ म्हणायचे तेव्हा होता.

त्या बाईंना मी एवढंच म्हटलं, की मुलगा कुणाकुणाशी भिडस्त आहे ते विचारा. बाहेर सगळ्यांपुढे मान खाली आणि घरात ताट भिरकावतो, असं असेल तर तो भिडस्त नव्हे.

'भीड भिकेची बहीण' याचा अर्थ?

भिडेला बळी पडून 'हो' म्हणत गेलं की शेवटी भीक मागायची पाळी येते. जुनी म्हण आहे आणि तिचं सगळ्यांत चपखल उदाहरण म्हणजे जामीन राहणं.

आमच्या मामांनी एका दूरच्या भावासाठी सोसायटीच्या कर्जावर सही केली. "नुसती सही तर आहे," असं तो भाऊ म्हणाला होता. त्याची भीड मोडवेना, म्हणून मामांनी केली. भाऊ पुढे गोव्याकडे कामाला गेला तो हप्ते विसरून. नोटीस मामांच्या दारात. मामा म्हणाले, पैसे तर त्याने खाल्ले. पण भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. कर्ज देणारा आधी कर्जदाराच्या मागे लागेल आणि मग तुमच्याकडे येईल, हा समज चुकीचा आहे. तो सरळ तुमच्याकडे येऊ शकतो. तेव्हा 'नुसती सही' असं काही नसतं.

या म्हणीच्या जोडीला दुसरी एक ठेवावी: 'मऊ लागलं म्हणून कोपराने खणू नये.' पहिली म्हण भिडस्ताला सांगते, दुसरी त्याच्या आजूबाजूच्यांना. पहिली सगळ्यांना पाठ असते. दुसरी वर्गात विचारली की निम्म्या मुलांना सांगता येत नाही.

भीड वाटणे, पडणे, घालणे, मोडणे, चेपणे: कुठे काय वापरायचं?

'वाटणे' आणि 'पडणे' जवळजवळ सारखे: मला सरांची भीड वाटते, मला सरांची भीड पडते. 'पडणे' मध्ये थोडा जास्त नाइलाज आहे.

'भीड घालणे' म्हणजे आपल्या वजनाचा वापर करून एखाद्याला गळ घालणं. 'त्यांच्या मेव्हण्यामार्फत भीड घातली, तेव्हा कुठे जागा दिली.' इथे भीड हे हत्यार आहे आणि ते दुसऱ्याच्या हातात आहे. आजच्या बोलण्यात याची जागा 'वशिला लावणे' किंवा 'प्रेशर आणणे' यांनी घेतली. वाईट झालं, कारण वशिला आणि भीड एक नव्हेत. वशिल्यात काम करणाऱ्याला वरच्याचा धाक असतो. भीड घातली की त्याला धाक नसतो, फक्त नाही म्हणता येत नाही.

'भीड मोडणे' बहुतेक वेळा नकारात येतं: भीड मोडवत नाही, भीड मोडवेना.

'भीड चेपणे' हा माझा लाडका प्रयोग. पहिल्यांदा व्यासपीठावर गेलो तेव्हा पाय लटपटत होते, दोन-चारदा गेल्यावर भीड चेपली. म्हणजे सरावाने संकोच गेला. चेपणे म्हणजे दाबून बसवणं, कापसाची गादी चेपते तसं. मात्र हाच प्रयोग तक्रारीतही येतो: 'पाहुण्याची भीड चेपली, आता विचारता फ्रिज उघडतो.' आधीच्या वाक्यात शाबासकी आणि या वाक्यात बोंब, शब्द तेच.

'भीडभाड न ठेवता' आणि 'भीडमुर्वत न बाळगता' ही दोन्ही लेखी भाषेतली, सडेतोड बोलण्यासाठी. आता ती जास्त करून वर्तमानपत्रातच भेटतात.

भिडस्त की भीडस्त? आणि मग भीडभाड दीर्घ का?

भिडस्त. भि ऱ्हस्व. मूळ शब्द भीड, त्यातला ई उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरातला, म्हणून दीर्घ. पुढे प्रत्यय लागून तो मागे सरकला की ऱ्हस्व होतो. गरीब – गरिबाला, बहीण – बहिणीला, तसं भीड – भिडेने, भिडेखातर, भिडेपोटी. महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये मान्य केलेल्या लेखनाच्या नियमांत हे आहे. 'भीडभाड' आणि 'निर्भीडपणे' यांत मूळ शब्द सामान्यरूपात न जाता तसाच राहतो, म्हणून दीर्घ.

विशेषण लिंग-वचनाने बदलत नाही. भिडस्त मुलगा, भिडस्त मुलगी, भिडस्त मुलं. 'भिडस्ती मुलगी' असं एका निबंधात वाचलं. ऐकायला गोड आहे, पण नाही. (बेळगावच्या बायकांनी लिंगाविषयी इतरांना शिकवावं का, हा प्रश्न पुण्याच्या एका मैत्रिणीने मला केला होता. मी घरी अजून 'मी आलो', 'मी जेवलो' असंच म्हणते. शाळेच्या फाटकातून आत शिरले की 'आले' होते.)

भिडणे, भिडू आणि भीड यांचा काही संबंध?

वापरात तरी नाही. भिडणे म्हणजे टक्कर घेणं किंवा चिकटणं. भिडस्त माणूस कुणाला भिडत नाही, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

कानडीत भिडस्तला काय म्हणतात? ऑफिसात कानडी सहकाऱ्यांना समजावून सांगायचं आहे.

समजावून सांगायची गरज पडणार नाही. उत्तर कर्नाटकाच्या कानडीत 'भिडे' हा शब्द याच अर्थाने आहे, आणि 'निर्भिडे' तर छापील कानडीतही नेहमी दिसतो. कानडी वर्तमानपत्रात निर्भिडेने बोलणारे पुढारी तितकेच सापडतात जितके मराठीत निर्भीडपणे बोलणारे. आपण त्यांच्याकडून अण्णा, अक्का आणि तूप घेतलं, त्यांना भीड दिली. सौदा कुणाला परवडला ते ठरवणं कठीण.

रोजच्या बोलण्यात 'संकोच' चालतो. जेवायला बसलेल्याला "संकोच माडब्याडरी" म्हणतात, म्हणजे आपलं 'भीड बाळगू नका, पोटभर जेवा'.

पण नेमका शब्द हवा असेल तर तो आहे 'दाक्षिण्य', आणि इथे मराठी माणूस हमखास फसतो. मराठीत दाक्षिण्य म्हटलं की स्त्रीदाक्षिण्य आठवतं, बसमध्ये बाईला जागा देणं वगैरे. कानडीत दाक्षिण्य म्हणजे नाही म्हणता न येणं, ओळखीचं ओझं. एका कानडी पत्राचं भाषांतर माझ्याकडे तपासायला आलं होतं. मूळ वाक्याचा अर्थ असा, की दाक्षिण्यामुळे त्यांनी ती अट मान्य केली. भाषांतर करणाऱ्याने 'दाक्षिण्य दाखवून' केलं होतं. म्हणजे भिडेपोटी गळ्यात पडलेली अट मोठ्या मनाने स्वीकारल्यासारखी दिसायला लागली. मी 'भिडेखातर' केलं आणि पत्र एकदम खरं वाटायला लागलं.

दाक्षिण्यापायी माणूस कुठपर्यंत वाहवत जातो यावर कानडीत एक फार झणझणीत म्हण आहे. ती इथे लिहायला माझी भीड आड येते. कानडी येणाऱ्या शेजाऱ्याला विचारा, तो हसून सांगेल.

चौघे मराठी आणि एक कानडी बसला की सगळे कानडीत बोलायला लागतात. ही भीड ना?

प्रश्न थोडा टोचरा आहे आणि इथे राहणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी विचारलेला आहे. माझं उत्तर असं: गोगटे सर्कलजवळ चहा पिताना पाचव्याला कळावं म्हणून भाषा बदलली तर ते सौजन्य. तोही उद्या पाच मराठी माणसांत बसला की मोडकी मराठी बोलतो, इकडे हे दोन्ही बाजूंनी चालतं. पण मराठी येणाऱ्या माणसाशी, स्वतःच्या कामासाठी, काउंटरवर उभं राहून आपण न येणाऱ्या भाषेत अडखळत राहिलो आणि घरी येऊन चरफडलो, तर ती भीड. खूण एकच: घरी येऊन चरफडतो का? वडिलांची सायकल आठवा.

'मवाळ' वापरला तर चालेल का?

स्वभावासाठी चालेल, पण मवाळ म्हणजे सौम्य. सौम्य माणूस ठाम असू शकतो.

राजकारणातल्या 'जहाल-मवाळ' मुळे मवाळ म्हणजे दबणारा असा समज झालाय. सुरतेला १९०७ मध्ये काँग्रेसमधले हे दोन्ही गट वेगळे झाले, आणि टिळकांनी होमरूल लीग काढली ती इथे बेळगावात, एप्रिल १९१६ मध्ये. म्हणून या गावाला जहालांचं कौतुक जरा जास्त. पण मवाळांचे पुढारी गोपाळ कृष्ण गोखले हे १९०२ मध्ये व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात उभे राहून सरकारच्या अर्थसंकल्पाची आकड्यांनिशी चिरफाड करत होते. आवाज न चढवता. त्यांना मवाळ म्हणा, नेमस्त म्हणा. भिडस्त म्हणायची सोय नाही.

इंग्रजी 'अनअसर्टिव्ह' साठी भिडस्त हा बरोबर शब्द का? प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत वापरायचा आहे.

दहापैकी सात वेळा बरोबर. 'ठामपणाचा अभाव असलेली व्यक्ती' असं कृपा करून लिहू नका. अशी व्यक्ती कुणी कुठे पाहिलेली नाही.

उरलेल्या तीन वेळा अडचण अशी येते, की त्या इंग्रजी शब्दाच्या मागे एक विशिष्ट विचार आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू सॉल्टर यांनी १९४९ मध्ये, आणि पुढे १९५० च्या दशकात मनोविकारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी असं मांडलं, की मनातलं मोकळेपणाने बोलणं हे सरावाने शिकता येतं आणि त्याने चिंता कमी होते. तिथून प्रशिक्षणवर्ग वगैरे निघाले. त्या मांडणीत माणसाचा स्वतःचा हक्क मध्यभागी असतो. आपल्या 'भीड' मध्ये समोरचा माणूस मध्यभागी आहे. त्यामुळे वरिष्ठाला घाबरून गप्प बसणाऱ्या कर्मचाऱ्याला भिडस्त म्हणू नका, तो दबलेला आहे. बैठकीत बोलायचं सुचत नाही तो मुखदुर्बळ. सहकाऱ्याचं काम स्वतःच्या अंगावर ओढून घेतो आणि रात्री दहापर्यंत बसतो, तो भिडस्त.

विरुद्ध शब्द हवा असेल तर ठाम, खंबीर, स्पष्टवक्ता यांतला प्रसंग बघून घ्या. 'आक्रमक' नको. आणि 'फटकळ' तर नकोच. फटकळ माणसाला आपण ठाम आहोत असं वाटत असतं, हा वेगळाच प्रश्न आहे.

मुलाला सारखं 'तू भिडस्त आहेस' म्हणावं का?

नको. विशेषण चिकटलं की मूल त्याच्याआड लपायला शिकतं. दुकानात सुटे पैसे मागायला पाठवा, दोनदा-तीनदा. भीड चेपते.

भिडस्त माणसाने नको कसं म्हणायचं? आमच्याकडे कुणी सरळ नको म्हणतच नाही.

खरं आहे. बेळगावच्या मराठीत 'नको' सोडून नकाराचे पुष्कळ प्रकार आहेत, आणि इथे वाढलेल्याला ते ऐकताच कळतात. "बघू की" म्हणजे नाही. "हो की" चा सूर वर गेला तर हो, सपाट राहिला तर नाही. "घरात विचारून सांगतो" म्हणजे नाही, आणि घरात कुणी विचारणारही नाही. "येतो की" म्हणणाऱ्याची वाट पाहू नये. बाहेरगावची माणसं या सगळ्याला होकार धरतात आणि मग आपल्याला खोटारडे म्हणतात.

हा सगळा शब्दसाठा भिडेनेच घडवला आहे. तो वाईट नाही, पण पैसा, सही आणि जमीन या तीन ठिकाणी तो वापरू नये. तिथे 'नको' हा दोन अक्षरी शब्द पुरतो. कारण जोडू नका. कारण दिलं की समोरचा ते कारण सोडवून देतो: वेळ नाही म्हणाल तर गाडी पाठवेल, चष्मा विसरलो म्हणाल तर स्वतःचा काढून देईल. मामांच्या बाबतीत हेच झालं होतं. त्यांनी चष्मा सांगितला होता.

आणि पंगतीत?

पंगतीत उपाय नाही. लग्नात मांडे वाढणारा समोर आला की पानावर आडवा हात धरा, "पुरे" म्हणा, तो ऐकणार नाही. "अर्धाच," असं म्हणाल, तर तो मान डोलवेल, घडी घातलेला मांडा तुमच्या डोळ्यांसमोर मोडेल आणि दोन्ही अर्धे तुमच्याच पानात ठेवून पुढच्या पानाकडे जाईल. मागच्या महिन्यात खानापूरजवळच्या एका लग्नात मी तिसरा मांडा असाच खाल्ला. वाढणारा माझा जुना विद्यार्थी होता, म्हणाला, "भिडू नका बाई, खावा." भिडू नका नव्हे रे, भीड बाळगू नका, असं सुधारायचं तोंडावर आलं होतं. तोंडात मांडा होता.